वाघ बघायची गाडी

ती गाडी मी माझ्या हातानं बांधली, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात माझा वाटा किती, हे ज्याला ठरवायचं असेल त्यानं तिथूनच सुरुवात करावी. मीही रोज तिथूनच करतो.

वारूळवाडीला हायवेलगत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. टेम्पोच्या बॉड्या, ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, येईल ते काम घेतो. राहायला मात्र बोरी बुद्रुकला, मळ्यात. एकाच अंगणात दोन घरं, एक माझं, एक थोरल्या भावाचं. आमच्या वडिलांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचं. दादानंही निम्मं आयुष्य तेच केलं आणि वहिनीनं त्याच्यामागून चालत. मग पाणी आलं, ऊस आला, आणि दादा चाळीसेक मेंढरं दारात ठेवून शेतकरी झाला. मी तर लहानपणीच त्यातून सुटलो होतो, शाळेच्या नावाखाली.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं ट्रॅव्हलर गाडी आणून दिली आणि म्हणाला, हिच्यात घर करून द्या. झोपायला बाक, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, बेसिन. कुठल्याशा व्हिडिओत बघून आला होता. मी करून दिलं. पुढं त्यानं राजस्थानातून फोटो पाठवले, वाळूत उभी असलेली माझी गाडी आणि दारात चहा पीत बसलेली त्याची बायको. ते फोटो मी किती वेळा बघितले असतील सांगता येत नाही. माझ्या हातची गाडी राजस्थान बघून आली आणि मी आळेफाट्याच्या पलीकडं चारदा गेलेलो, तेही पत्रे आणायला. मग शाळेच्या फेऱ्या मारून खिळखिळी झालेली एक जुनी ट्रॅव्हलर मिळाली ती घेतली आणि दुकान बंद झाल्यावर तिच्यात घुसू लागलो. बायको म्हणायची, लोकांची पोरं शिकून परदेशी जातात, आमच्या घरात पन्नाशीला पोरखेळ सुरू झालाय. मी उत्तर देत नव्हतो. वेड लागल्यावर माणूस उत्तरं देत बसत नाही.

त्या गाडीकडं गंभीरपणे बघणारं घरात एकच माणूस होतं, वहिनी.

पहिल्याच दिवशी ती आत चढली, सगळीकडं हात फिरवून बघितला आणि माझ्या ओट्याला नावं ठेवली. "भाऊजी, पिठाचा डबा वर ठिवलाय तुमी. गाडी वळली की पीठ डोस्क्यावं. जड ते खाली, रोजचं ते हाताशी, आन् मीठ-काडेपेटी एकल्या जागी, अंधारात हात घातला तरी घावली पायजे." घोड्याच्या पाठीवर पंधरा वर्षं संसार बांधलेल्या बाईचं ज्ञान होतं ते. मी निमूट कपाटं उपसली आणि ती म्हणाली तशी लावली. डाव लटकवायचे हूक तिनंच सांगितले. तव्याला पट्टा लावायचा तिनंच सांगितला. गाडी अर्धी माझी असेल, तर अर्धी तिची होती.

जायचं कुठं, हे मात्र मी ठरवलं. ताडोबा. वाघ बघायला.

हसू नका. आमच्या मुलखात राहून वाघ बघायला सातशे किलोमीटर जाणं म्हणजे काय, ते मला कळतं. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो उसात राहतो. पिलं उसात जन्मतात, उसातच मोठी होतात, त्यांना डोंगर ठाऊक नाही. पोरं शाळेला घोळक्यानं जातात. बाया शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात. ते पट्टे मीच दुकानात करतो. वहिनीलाही दिला होता. चार दिवस घातला आणि गोठ्यात खुंटीला अडकवला. "मान वळत न्हाई वो, गुरावाणी वाटतंय," म्हणाली. मी आग्रह धरला नाही.

पण मजा अशी, की आमच्यातल्या बहुतेकांनी तो धड बघितलेला नाही. त्याचे पाय बघितलेत, चिखलात. डोळे चमकताना बघितलेत. उसात शेपटी जाताना बघितली, कुत्र्याचं उरलेलं डोकं बघितलं. दादाची एकोणीस मेंढरं त्यानं इतक्या वर्षांत नेली, आणि वहिनीनं त्याला एकदाही पुरता बघितला नव्हता. मी ताडोबाचं नाव काढलं तेव्हा ती ओट्याचा पत्रा पुसत होती. हात थांबवून म्हणाली, "सारखा त्योच आपल्याला बघतोय भाऊजी. आपण पाणी भरतोय, त्यो बघतोय. आपण वाकलो, त्यो बघतोय. मला एकदा त्याला बघायचंय. मी हितं बसलीये, त्यो तिथं हाय, आन् मला भ्या न्हाई वाटत, आसं एकदा व्हायला पायजे." मी तिला सांगितलं की तिथं पट्ट्यांचा वाघ असतो, आपला ठिपक्यांचा असेलच असं नाही. ती म्हणाली, कसलाबी चालंल.

तेव्हापासून ती सहल माझी राहिली नाही. आम्ही दोघांनी ती आखली. आळेफाटा, नगर, जालना, यवतमाळ. पहिला मुक्काम जालन्याच्या पुढं पेट्रोल पंपावर, दुसरा जंगलाच्या गेटाबाहेर. आपली गाडी आत सोडत नाहीत, आतून त्यांची जीप घेऊन जाते, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. चौघांची नावं, ओळखपत्रं भरून सफारीही नोंदवली. वहिनीनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचं पीठ किती लागेल ते धरलं. उन्हाळ्यात पाण्यावर येतात म्हणे, तर उन्हाळ्यातच जायचं ठरलं.

आधी एक चाचणी म्हणून मी, बायको आणि वहिनी डिंभ्याला जाऊन आलो. दादा आला नाही, मेंढरांचं निमित्त सांगून. धरणाच्या पाण्याजवळ गाडी लावली, तिथल्या कोळ्याकडून मासे घेतले आणि वहिनीनं गाडीतल्या ओट्यावर कालवण केलं. जेवण झाल्यावर ती खिडकीपाशी बसून राहिली. काच लावलेली होती. बाहेर पाणी, पलीकडं डोंगर. अर्धा तास ती तेच बघत होती. मग मला म्हणाली, "आसंच दिसंल का वो?" मी म्हणालो, असंच. येताना नळ गळायला लागला, टाकीखाली सगळं ओलं झालं. मी शिव्या घातल्या. ती मात्र खुशीत होती. इतकी खुशीत मी तिला फार वर्षांनी बघितली.

आता दादाचं सांगतो. दादा वाईट माणूस नाही. हट्टी आहे, आणि अबोल आहे. माणसांपेक्षा मेंढरांशी जास्त बोललेला. आणि आमच्या शेतातल्या एका रिवाजानं त्याच्यासारख्या माणसाला बोलायला भाग पाडलं होतं.

वनखात्याची माणसं सांगून गेलीत, वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, उभ्या माणसाला तो सहसा धरत नाही. त्यामुळं आमच्याकडं जनावरांच्या चाऱ्याचा घास कापायचा, खुरपायचं, तर जोडीनं. एकानं वाकायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून मोठ्यानं बोलत राहायचं. काही जण मोबाइलवर गाणी लावतात, पण गाण्याला तो सरावलाय असं लोक म्हणतात. माणसाचा आवाज पाहिजे. आता तीस वर्षं संसार झालेल्या नवराबायकोनं रोज तासभर काय बोलायचं? माझं आणि बायकोचं सोपं आहे, आम्ही भांडतो. दादा मेंढरं सांगायचा. एकेक. "कानतुटकी आज चरली न्हाई. भुरीचं कोकरू लंगडतंय. काळ्या तोंडाची गाभण दिसतीय." चाळीस संपली की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी खालून विळा चालवत म्हणायची, "भुरीचं सांगून झालं, फुडं चला." येणारे-जाणारे हसायचे. पण दादा कधी चुकला नाही, घसा बसला तरी बोलायचा.

आणि दुसरा रिवाज त्यांच्या घरातला. अबोला. वर्षातून दोन-तीनदा दोघांचं बिनसायचं आणि बोलणं बंद व्हायचं. काम सगळं चालू, एका शब्दाचीही देवघेव नाही. निरोप माझ्याकरवी. दादा दोन हातांवर बसलेला असायचा आणि वहिनी मला सांगायची, "भाऊजी, त्यांना सांगा चा झालाय." दादा म्हणायचा, "तिला सांग, आणून ठिव." मी दोघांच्या मध्ये बसून हसू दाबायचो. माघारही माझ्याकरवीच. ज्याला माघार घ्यायची त्यानं ती मला सांगायची, मी दुसऱ्याला जाऊन सांगायचं, मग तो दुसरा काहीतरी फुटकळ बोलायचा, आज कालवणात मिरची जास्त पडली वगैरे, की अबोला संपला. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. इतकी वर्षं हे टपालाचं काम मी केलं, आणि एकदाही निरोप माझ्यापाशी राहिला नव्हता.

जायला आठ दिवस राहिले तेव्हा दादानं नकार दिला. सगळं ठरलेलं होतं, त्याचंही नाव भरलेलं होतं. जेवता जेवता म्हणाला, "मी येणार न्हाई. तिनंबी जायाचं न्हाई."

वहिनी म्हणाली, का?

"ज्यानं माजी एकोणीस मेंढरं खाल्ली त्याचं त्वांड बघाया सुट्टी काढून जायाचं? तिथं जाऊन हात जोडायचे का त्याला? हितं खिडकी उघड की, दिसंल."

"आवं, हितं दिसत न्हाई म्हणून तर जायाचं," वहिनी म्हणाली. "आन् मी आजपातूर तुमच्या घोड्यामागं चालले. तुमी म्हणाल तिकडं. एकदा मी म्हणते तिकडं चला."

दादा ताटावरून उठला. वहिनीही उठली. अबोला सुरू झाला.

मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगतो. उलट मी निश्चिंत होतो. दोन-तीन दिवसांत कुणीतरी माघार घेईल, आणि ती दादाच घेईल, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी तशी चिन्हंही दिसली. दादा माझ्यापाशी आला, गाडीच्या टायरला उगाच पाय लावून बघितला आणि विचारलं, "चार दिस मेंढरं कोन बघंल?" मी म्हणालो, बघू की कुणालातरी. तो हं म्हणाला आणि गेला. मी मनात म्हणालो, झालं काम. उद्या म्हणेल, तिला सांग येतो म्हणून.

त्याच संध्याकाळी वहिनी आली. मी अंगणात गाडीत शिरून गळका नळ खोलत होतो. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"भाऊजी, ऱ्हाऊ द्या ते जायाचं," ती म्हणाली. "त्यांना नगं तर नगं. जित्राबाचं दुख हाय त्यांना, मला कळतंय. तुमी त्यांना सांगा, ती न्हाई म्हणली म्हणून. आत्ताच सांगा, म्हंजी सकाळी बोलतील."

मी म्हणालो, सांगतो. ती गेली. तिचा आवाज रडवेला वगैरे नव्हता. जरा दमलेला होता.

दादा त्या वेळी समोरच होता. अंगणाच्या त्या टोकाला मेंढरांना वाघर लावत होता, म्हणजे जाळीचं कुंपण. वीस पावलं. मी चालत जाऊन सांगायला काही लागत नव्हतं. मी गेलो नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की दादा उद्या हो म्हणणार आहे, मग आज हिचा नाही कशाला पोचवायचा? निरोप एक रात्र माझ्या खिशात राहिला तर काय बिघडतं? दोघंही माघार घ्यायला निघालेत. आधी दादाची येऊ दे. हिची आधी पोचली की सहल बुडाली. ही सगळी आकडेमोड मी पाना हातात धरून केली, आणि मला ती हुशारीची वाटली.

सकाळी नऊच्या सुमारास ती दोघं घास कापायला निघाली. मी पुन्हा गाडीतच होतो. वहिनी पुढं, हातात विळा आणि खांद्यावर गोणपाट. दादा दहा पावलं मागं. गाडीच्या खिडकीतून मी दोघांना जाताना बघितलं. वहिनीनं गाडीकडं बघितलं. तिला वाटलं असणार, मी सांगितलंय आणि हे तरीही बोलत नाहीत. तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं, दादा, जरा इकडं ये. पण नळाच्या पाइपाला नुकतंच सोल्युशन लावलं होतं, दहा मिनिटं दाबून धरावा लागतो, नाहीतर पुन्हा गळतो. म्हटलं, आल्यावर सांगू. दुपारपर्यंत दादाचंही काही कळेल.

मी पाइप धरून बसलो होतो तेव्हाच दादाची हाक आली. हाक नव्हती ती. त्यात शब्द नव्हता.

घासाच्या वाफ्यात काय बघितलं ते मी लिहिणार नाही. वाघ निघून गेला होता. वहिनीला मानेला धरलं होतं. फटफटीवर नेता येण्यासारखं नव्हतं आणि गाडी एकच होती, तीच. मी वेलीची पानं शिवलेल्या नव्या रेक्झिनच्या बाकावर तिला ठेवलं. बायको डोक्याशी बसली, टॉवेल दाबून. दादा पायाशी. मी गाडी हाणली. आणि बोरी सोडली तसा दादा मागून बोलायला लागला. मोठ्यानं. कानतुटकी आज चरली न्हाई. भुरीचं कोकरू लंगडतंय. काळ्या तोंडाची गाभण हाय. नारायणगावचा दवाखाना येईपर्यंत तो थांबला नाही, चाळीस संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी आरशात बघितलं नाही. रस्ता बघितला. डॉक्टरांनी स्ट्रेचर गाडीपाशीच थांबवलं, आत नेलंच नाही, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

पंचनाम्याला वनखात्याची माणसं आली. त्यातला एक गार्ड समजूतदार होता, हळू आवाजात विचारत होता. तुम्ही सोबत होतात का? व्हय. उभे होतात का? व्हय. बोलत होतात का? दादा म्हणाला, "व्हय साहेब, बोलत व्हतो." त्यानं लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो. मला ठाऊक होतं की तो बोलत नसणार. अबोला होता. गार्ड जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊ, बोलत असताना पण धरलेत त्यानं लोक, मनाला लावून घेऊ नका म्हणावं त्यांना. मी मान हलवली. तो दादासाठी बोलत होता, आणि मी ते माझ्यासाठी घेऊन ठेवलं. काही दिवस पुरलं. मग संपलं.

पिंजरे लागले. आठवड्यात एक मादी सापडली. अख्खा गाव मोबाइल घेऊन पळाला, मीही गेलो. गर्दीतून पुढं घुसलो आणि बघितली. पहिल्यांदाच, इतक्या जवळून, दिवसाउजेडी. माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, तोंड सळयांवर आपटून फुटलेलं. हीच का ती, विचारलं तर कुणी सांगू शकत नव्हतं. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो. आणि मला राग यायला हवा होता तिथं आधी आलं ते हे, की बघून झाला एकदाचा. त्याची मला जी शरम वाटली ती अजून जात नाही. दादा पिंजऱ्याकडं फिरकला नाही. घरी आलो तर मोबाइलवर निरोप येऊन पडला होता, सफारीला येताना चौघांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा म्हणून.

दीड महिन्यानं एका दुपारी मी गाडी मोडायला काढली. आधी बाक काढले, मग ओटा खोलायला लागलो. दादा आला आणि गाडीच्या पायरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून. इतक्या दिवसांत तो कामापुरतंच बोलत होता. मी पाना चालवत राहिलो.

"साहेबाला मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "नव्हतो बोलत."

मी म्हणालो, माहितीये.

"उभा व्हतो. बोललो मातर न्हाई. बांधाकडं त्वांड करून उभा व्हतो. म्हणलं, ती बोलंल तवा बोलीन." मग म्हणाला, "तिनंबी लई ताणलं रं. लई हट्टी व्हती. मरंस्तवर माघार घेतली न्हाई."

त्या वाक्यावर तो टेकून बसला होता, हे मला दिसत होतं. दोष निम्मा-निम्मा वाटून त्यानं स्वतःला कसंबसं उभं ठेवलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं, आणि मीही सुटलो असतो. पण वहिनीच्या माथी तो हट्ट कायमचा बसला असता. तिनं तर माघार घेतली होती. तिनं सगळं केलं होतं.

"घेतली व्हती, दादा," मी म्हणालो. "आदल्या सांजच्याला. माझ्यापाशी आली व्हती, हितंच, दारात. म्हणाली, त्यांना नगं तर नगं, आत्ताच सांगा त्यांना."

तो वळला नाही. त्याची पाठ मला दिसत होती.

"सांजच्याला?"

"व्हय. तू वाघर लावत व्हतास."

"म्हंजी रातभर..." तो म्हणाला. "मला वाटलं, पाठ करून झोपली. कूस बदलत व्हती सारखी. मी बोलावं म्हणून वाट बघत व्हती व्हय ती." मग पहिल्यांदा त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. खरंच कळत नव्हतं त्याला. "तू का न्हाई सांगितलं मला?"

दीड महिना मी या प्रश्नाची उत्तरं करून ठेवली होती: विसरलो. कामात होतो. तू स्वतःच कबूल होशील असं वाटलं. मी पाना खाली ठेवला.

"मला जायाचं व्हतं, दादा," मी म्हणालो. "मला वाघ बघायला जायाचं व्हतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान डोलावली, एखादी साधी गोष्ट समजल्यासारखी.

"तिलाबी जायाचं व्हतं," तो म्हणाला.